पाच पुस्तकं, पाच शिक्के आणि अर्धं वाचन

प्रश्न

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत, सेमी-इंग्रजीला. मुलगा सहा वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथप्रदर्शनातून 'पुरस्कारप्राप्त' असं छापलेली पाच पुस्तकं मुद्दाम निवडून आणली, 1,150 रुपयांची. मुलीने त्यातलं एक अर्धं वाचलं. बाकीची दहा पानांच्या पुढे गेली नाहीत. सासूबाई म्हणतात, मुलांना आवडत नाहीत म्हणूनच मोठी माणसं त्यांना बक्षिसं देतात! दिवाळीत माझा भाऊ न्यू जर्सीहून येतोय. त्याला न्यूबेरी पदकाची पुस्तकं आणायला सांगू का? माझ्याकडे पुस्तकांसाठी अजून दोन हजार रुपये आहेत. पाचही पुस्तकांचे फोटो सोबत पाठवते आहे.
– एक आई, सातारा

उत्तर

ताई, तुमच्या सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारासाठी प्रत्येक भाषेत तीन परीक्षक असतात. अमेरिकेच्या न्यूबेरी पदकासाठी पंधरा जणांची समिती बसते. हे सगळेच मोठे. ते पुस्तकाची भाषा, रचना, विषयाचं वेगळेपण बघतात, आणि बघायलाच हवं. पण तुमची मुलगी मंगळवारी शाळेतून दमून आल्यावर कुठलं पुस्तक हातात धरेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे नसतोच. म्हणून शिक्का बघून पुस्तक उचलण्याआधी तो कुणाचा, कोणत्या वर्षीचा, कोणत्या विभागातला आणि नेमका कशासाठी आहे, हे चार प्रश्न विचारावे लागतात. तुमच्या पाच पुस्तकांचं गणित तिथेच चुकलंय.

फोटो नीट पाहिले. दोन पुस्तकांवर 'साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त लेखक' असं आहे. 'लेखक' हा शब्द बारीक टाइपात आणि 'पुरस्कारप्राप्त' ठसठशीत. म्हणजे पुरस्कार लेखकाला मिळालाय, त्या पुस्तकाला नव्हे. यात प्रकाशकाने खोटं काही लिहिलेलं नाही, पण घाईत आपण वाचतो वेगळंच. मराठीत ही गल्लत होण्याला एक कारणही आहे. अकादमीचा हा पुरस्कार 2010पासून दिला जातो, 24 भाषांमध्ये, 50,000 रुपये आणि ताम्रपट. सुरुवातीच्या वर्षांत तो एका पुस्तकाऐवजी लेखकाच्या एकूण बालसाहित्यालाही दिला जायचा. बाबा भांड (2012), अनंत भावे (2013), माधुरी पुरंदरे (2014), लीलाधर हेगडे (2015), राजीव तांबे (2016) आणि रत्नाकर मतकरी (2018) यांना तो असा समग्र कामासाठी मिळाला. या सहा जणांचं 'ते पुरस्काराचं पुस्तक द्या' म्हणून दुकानात गेलात, तर दुकानदार जे हाताशी असेल ते देणार. त्यांची पुस्तकं जरूर घ्या, फक्त ती एकेक बघून घ्यावी लागतात. माधुरी पुरंदरेंचंच बघा ना. 'राधाचं घर' लहानग्यांसाठी आहे आणि 'वाचू आनंदे'चे चार भाग बाल आणि कुमार अशा दोन गटांत विभागलेले आहेत. लेखिका एकच, पण पहिलं तुमच्या मुलाचं आणि दुसरं मुलीचं.

तिसऱ्या पुस्तकावर राज्य शासनाचा शिक्का आहे. मुलगी गोष्ट समजून ते उघडते आणि आत माहिती निघते, म्हणून ते बंद होतं. इथे विभाग बघायला हवा होता. स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांमध्ये बालवाङ्मयाचे वेगवेगळे विभाग आहेत आणि प्रत्येकाला एकेका लेखकाचं नाव दिलेलं आहे. बालकवी पुरस्कार कवितेला, साने गुरुजी पुरस्कार कादंबरीला, राजा मंगळवेढेकर पुरस्कार कथेला, भा. रा. भागवत पुरस्कार नाटक-एकांकिकेला, यदुनाथ थत्ते पुरस्कार सर्वसामान्य ज्ञानाच्या पुस्तकाला आणि ना. धो. ताम्हनकर पुरस्कार संकीर्ण लेखनाला. ही सहा नावं लक्षात राहिली की मलपृष्ठावरची एक ओळ वाचून आत काय आहे ते कळतं. तुमच्या पुस्तकावर यदुनाथ थत्ते यांचं नाव आहे. पुस्तक चांगलंच आहे, पण सुट्टीत लोळत वाचायचं नाही. ते ठेवून द्या. शाळेचा प्रकल्प आला की त्याचं सोनं होईल.

चौथा कवितासंग्रह. तो दहा पानांनंतर बंद झाला यात नवल नाही. कवितांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणीच सलग वाचत नाही, मोठेही नाही. ते जेवणाच्या टेबलाजवळ ठेवा. रोज कुठलंही एक पान उघडायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, बस. पाचवी कादंबरी, जी अर्धी वाचून झाली. तिच्याकडे शेवटी येऊ.

आता मराठीतली नेमकी पुस्तकं. अकादमीचा पुरस्कार एका विशिष्ट पुस्तकालाच मिळाला, अशी मराठी यादी फार लांब नाही. दोन हजारांत ती सगळी घेण्याची गरजही नाही. दहा वर्षांच्या मुलीला आधी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' (2011) द्या. कारण साधं आहे. प्रत्येक गोष्ट सुटी आहे, बोक्याचा उपद्व्याप पहिल्या दोन पानांतच सुरू होतो आणि एक गोष्ट एका बैठकीत संपते. जी मुलगी पुस्तकं अर्धवट सोडते, तिला 'संपवलं' हा अनुभव लवकर आणि वारंवार मिळायला हवा, म्हणून आधी सुट्या गोष्टी. त्यानंतर संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (2022). ही मुलीने लिहिलेल्या वहीच्या रूपात आहे, त्यामुळे तुकडे छोटे आणि बोलणं थेट. वही वाचून झाल्यावर मुलं स्वतःची वही सुरू करतात. तसं झालं तर ती वही उघडून बघू नका, एवढीच विनंती.

साहस आवडत असेल तर सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध' (2019). लेखक वनखात्यात काम करणारे, त्यामुळे जंगल पुस्तकी नाही. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (2024) आणि संजय वाघ यांची 'जोकर बनला किंगमेकर' (2021) याही कादंबऱ्याच. नावातच कुतूहल आहे, त्यामुळे मुलीला दोन्ही मुखपृष्ठं दाखवा आणि तिलाच निवडू द्या. ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' (2017) हे या यादीतलं आमच्या मते सर्वांत सुंदर पुस्तक आहे, पण ते पहिलं देऊ नका. खेड्यातलं बालपण आहे, शांतपणे सांगितलेलं. ते साताऱ्याच्या फ्लॅटमधल्या मुलीने एकटीने वाचण्यापेक्षा कुणी वाचून दाखवलं तर जास्त पोचेल. आबा महाजनांची 'आबाची गोष्ट' (2020) हा कथांचा संग्रह. अनिल अवचटांचं 'सृष्टीत... गोष्टीत' (2010) निसर्गाकडे बघायला लावणारं, ते तुम्हीच रात्री वाचून दाखवा. मुलगाही ऐकेल. कवितांमध्ये एकनाथ आव्हाडांचा 'छंद देई आनंद' (2023) आणि सुरेश सावंतांचा 'आभाळमाया' (2025), पण एक संग्रह घरात आहे तोवर दुसरा नको.

दुकानात गेल्यावर आणखी एक अडचण येईल. पुरस्कार जाहीर होतो तेव्हा पुस्तक नवं नसतं. 2023च्या पुरस्कारासाठी 1 जानेवारी 2017 ते 31 डिसेंबर 2021 या काळात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं विचारात घेतली होती. म्हणजे पुरस्काराच्या दिवशी पुस्तक दोन ते सहा वर्षांचं असू शकतं, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती संपत आलेल्या असू शकतात. गेली काही वर्षं ही घोषणा जूनच्या सुमारास होते आहे. त्यानंतरचे एक-दोन महिने 'संपलं आहे, नवी आवृत्ती येते आहे' हेच ऐकू येतं. तेव्हा थांबा. दुसरं काही 'त्याच लेखकाचं' म्हणून घेऊ नका. तुमची पहिली दोन पुस्तकं बहुधा अशीच आली असावीत.

प्रत हातात आली की ती मुलीच्या हातात द्या आणि दहा मिनिटं तिथेच बसू द्या. पहिलं पान वाचायला लावू नका. पहिलं पान लेखकाने दहा वेळा घासलेलं असतं. मधलं कुठलंही पान उघडा आणि मोठ्याने वाचायला सांगा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक पालक इथेच फसतात. इंग्रजी पुस्तकांसाठी ग्रंथपाल 'पाच बोटांची चाचणी' सांगतात. एका पानावर मूल जितक्या शब्दांवर अडखळेल तितकी बोटं मोजायची, पाच झाली की पुस्तक अवघड. ही चाचणी मराठीला जशीच्या तशी लावली तर फसवते. देवनागरीत लिहिलं तसं वाचता येतं. ज्या मुलीला जोडाक्षरं येतात ती कुठलाही शब्द न अडखळता वाचू शकते, अर्थ कळो न कळो. हे वाक्य घ्या: 'ओसरीवर बाजेला टेकून आबा चंची सोडत होते.' पाचवीतली मुलगी हे घडाघडा वाचेल. तुम्ही खूश व्हाल. मग विचारा, आबा काय करत होते? ओसरी माहीत नाही, बाज माहीत नाही, चंची तर नाहीच. सात शब्दांच्या वाक्यात तीन शब्द आंधळे. तिला दिसतं ते एवढंच, की कुणीतरी आबा काहीतरी सोडत होते. अशी चार वाक्यं सलग आली की कंटाळा येतो, आणि 'आवडलं नाही' एवढंच ती सांगू शकते. तिला 'कळलं नाही' असं म्हणताही येत नाही, कारण वाचताना ती कुठेच थांबलेली नसते.

म्हणून मराठीत बोटं मोजायची ती न कळलेल्या शब्दांची. पान वाचून झालं की तुम्ही तीन-चार शब्दांवर बोट ठेवून 'हे म्हणजे काय गं?' असं सहज विचारा. परीक्षेसारखं नको. पानामागे एखाद-दुसरा शब्द अडला तर पुस्तक तिचं तिने वाचावं. तीन-चार अडले तर ते कुणीतरी सोबत बसून वाचायचं. पाच किंवा जास्त असतील तर वर्षभर थांबा. 'अर्धं वाचलेलं' पुस्तक घरीच आहे, त्यावर आज संध्याकाळीच ही चाचणी करून बघा. जिथे खूण राहिलीये त्याच्या पुढचं पान घ्या.

बाकी बघायच्या गोष्टी झटपट. प्रकरणं चार ते सहा पानांची असली तर दहा वर्षांच्या मुलीला रात्री झोपण्याआधी एक पूर्ण होतं. दहा-बारा पानांची असली तर मध्येच झोप येते आणि दुसऱ्या दिवशी धागा सापडत नाही. पानावर संवाद किती आहेत ते डोळे बारीक करून लांबूनही कळतं. ओळी अर्ध्यावर तुटलेल्या दिसल्या की माणसं बोलतायत. सलग ठोकळे दिसले की वर्णन चाललंय. लेखकाचं मनोगत, प्रस्तावना आणि मान्यवरांचे अभिप्राय मिळून पंधरा-वीस पानं असतील, तर घरी आणल्यावर ती सगळी एका क्लिपने बंद करून टाका. मुलं पहिल्या पानापासून प्रामाणिकपणे सुरुवात करतात आणि गोष्ट सुरू होण्याआधीच दमतात. हे प्रकाशकांनी मनावर घ्यायला हवं. मुलांच्या पुस्तकातली प्रस्तावना शेवटी छापायला काय हरकत आहे? बांधणीही बघून घ्या. नुसती गमने चिकटवलेली असेल तर पुस्तक पूर्ण उघडलं की पाठ मोडते आणि पानं सुटतात. शिलाईची असेल तर पोटावर उघडं टाकून झोपलं तरी टिकते.

आता न्यू जर्सी. न्यूबेरी हे अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेचं पदक, 1922पासून दिलं जातं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या लेखनाला, आणि लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा लागतो. मुख्य पदकाचा शिक्का सोनेरी असतो. त्याखालची मानाची पुस्तकं असतात, त्यांचा चंदेरी. भावाला सांगा, चंदेरी शिक्का कमी समजू नको. 'चौदा वर्षांपर्यंत' यातच मेख आहे. एका वर्षी पदक सहा वर्षांच्या मुलाच्या चित्रपुस्तकाला जातं, पुढच्या वर्षी तेरा वर्षांच्या मुलांच्या जाड कादंबरीला. त्यामुळे 'न्यूबेरीवाली पाच आण' असं सांगितलंत, तर उन्हाळ्यात झालं तेच पुन्हा होईल. आणखी एक शिक्का दिसेल, प्रिन्ट्झ नावाचा, 2000पासूनचा. तो बारा ते अठरा वयोगटासाठी आहे. तो दिसला की सध्या पुस्तक परत ठेवायला सांगा. कॅल्डेकॉट पदक (1938पासून) चित्रांसाठी असतं. ते तुमच्या मुलाच्या कामाचं.

सेमी-इंग्रजीच्या पाचवीतल्या मुलीला नावानिशी सांगायचं तर आम्ही भावाकडून ही मागवू. कॅथरीन अ‍ॅपलगेट यांचं 'द वन अँड ओन्ली आयव्हन', 2013चं पदक. मॉलमधल्या पिंजऱ्यात राहणारा गोरिला स्वतःची गोष्ट सांगतो. वाक्यं छोटी, प्रकरणं तर काही ठिकाणी चार-सहा ओळींची. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांना यापेक्षा सोपा दरवाजा पदकांच्या यादीत क्वचितच मिळेल. दुसरं, जेरी क्राफ्ट यांचं 'न्यू किड', 2020. हे पदक मिळवणारी पहिली चित्रकादंबरी. 'ही कॉमिक्स आहे, हे कसलं वाचन' असं घरात कुणी म्हणेल. म्हणू द्या. धाकट्यासाठी 'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट' (2016), आजीबरोबर बसमधून जाणाऱ्या मुलाचं चित्रपुस्तक. ते इंग्रजीतूनच वाचून दाखवण्याचा हट्ट नको. चित्रं दाखवत मराठीत सांगितलं तरी चालतं.

वर्ष-दीड वर्षाने दोन पुस्तकं. वीरा हिरानंदानी यांचं 'द नाइट डायरी', 2019चा चंदेरी शिक्का. 1947च्या फाळणीत घर सोडावं लागलेली बारा वर्षांची निशा आपल्या नसलेल्या आईला वहीतून पत्रं लिहिते. 'पियूची वही' वाचलेल्या मुलीला वहीचा घाट ओळखीचा असेल, पण प्रसंग ओळखीचे नसतील. त्यात हिंसा आहे. अकरा-बारा वर्षांच्या आधी नको, आणि तेव्हाही तुम्ही आधी वाचून ठेवा. दुसरं पुस्तक अमेरिकेचं नाही, पण आपल्या अंगणातलं आहे. अनिता देसाई यांच्या 'द व्हिलेज बाय द सी'ला 1983चा ब्रिटनचा गार्डियन पुरस्कार मिळाला. गोष्ट अलिबागजवळच्या थळची. दारूच्या आहारी गेलेला बाप, आजारी आई, घर सांभाळणारी लीला आणि मुंबईला पळून जाऊन हॉटेलात राबणारा हरी. किनाऱ्यावर खताचा कारखाना येणार म्हणून गाव अस्वस्थ. पुस्तक वाचून झाल्यावर एक दिवस थळला जाऊन येता येतं, ही सोय न्यूबेरीच्या पुस्तकांत नाही!

तुमचा भाऊ कदाचित धनगोपाळ मुखर्जींचं 'गे-नेक' सुचवेल, कारण भारतात जन्मलेल्या लेखकाला न्यूबेरी मिळाल्याचा हा जुना दाखला, 1928चा. चित्रग्रीव नावाच्या कबुतराची गोष्ट, कोलकाता, हिमालय आणि मग पहिलं महायुद्ध. त्यासाठी सामानात जागा अडवू नका. लेखकाचा मृत्यू 1936मधला, त्यामुळे भारतात स्वामित्वहक्क कधीच संपला आहे आणि पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी जवळपास शंभर वर्षांपूर्वीची आहे. मुलीला एकटीला नका देऊ, कबुतराच्या उडण्याची दोन-चार पानं तुम्ही वाचून दाखवा.

एक सावधगिरी. 'ब्रिज टू टेराबिथिया' (1978) हे नाव प्रत्येक यादीत सापडेल आणि पुस्तक खरोखर मोठं आहे. पण त्यात जिवलग मैत्रिणीचा मृत्यू अचानक येतो, आधी काही चाहूल न देता. पदकाच्या पुस्तकांत मरण, आजार, तुटलेली घरं बरीच असतात. ते वाईट नाही. मूल ते रात्री एकटं वाचत असताना घरात कुणाला पत्ताच नसणं वाईट. म्हणून पाठमजकूर वाचा आणि शंका आली तर शेवटची तीन प्रकरणं आधी चाळा. मुलांच्या पुस्तकाचा शेवट आधी वाचणं पालकांना माफ आहे.

भावाला पुठ्ठ्याच्या बांधणीऐवजी साध्या कव्हरची प्रत घ्यायला सांगा. किंमत आणि वजन दोन्ही वाचतात. अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं जुनी, काढून टाकलेली पुस्तकं अगदी किरकोळ भावात विकतात. तिथे पदकांची पुस्तकं भरपूर असतात, कारण प्रत्येक वाचनालयाने त्यांच्या चार-चार प्रती घेतलेल्या असतात.

सासूबाईंच्या शंकेला एक उत्तर मात्र टेक्सासमध्ये आहे. तिथल्या ब्लूबॉनेट पुरस्काराची वीस पुस्तकांची यादी मोठी माणसं करतात, पण मत तिसरी ते सहावीची मुलं देतात. अट एवढीच, की मत द्यायचं तर यादीतली किमान पाच पुस्तकं वाचलेली किंवा ऐकलेली हवीत. भावाला या याद्या बघायला सांगा. मुलीच्या वयाला त्या न्यूबेरीपेक्षा जवळच्या आहेत. आपल्याकडे बेंगळुरूचा नीव्ह पुरस्कार भारतीय लेखकांच्या इंग्रजी पुस्तकांना वयोगटाप्रमाणे वेगवेगळा दिला जातो, त्यामुळे त्यातलं पुस्तक चुकीच्या वयाच्या हाती पडण्याची शक्यता कमी. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार 2016मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिलीच भाषा मराठी होती आणि लेखनासाठी तो माधुरी पुरंदरेंना मिळाला. त्यात चित्रकाराला वेगळा पुरस्कार आहे. धाकट्यांची पुस्तकं निवडताना ही गोष्ट लक्षात घ्या, कारण अकादमीच्या मराठी यादीत तुमच्या सहा वर्षांच्या मुलाच्या हाती थेट देता येईल असं पुस्तक जवळपास नाही. त्याला पानावर दोन-तीन ओळी, मोठा टाइप आणि चित्रात ओळींपेक्षा जास्त काही घडणारं पुस्तक हवं. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, आणि फुकट हवं तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. तिथल्या मराठी गोष्टींना पातळीचे क्रमांक दिलेले आहेत, त्याची पहिली आणि दुसरी पातळी घ्या.

दोन हजारांचं म्हणाल तर सगळे एका दमात संपवू नका. आधी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाचं सभासदत्व घ्या. वरच्या यादीतली तीन-चार पुस्तकं तिथे सापडतील. मुलीने पूर्ण वाचलेलं आणि परत मागितलेलं पुस्तक तेवढंच विकत घ्या. 'बोक्या' आणि 'पियूची वही' आत्ता, धाकट्यासाठी चार-पाच पातळ चित्रपुस्तकं आत्ता, उरलेले पैसे दिवाळीनंतर. आणि वाचून झाल्यावर सारांश लिहून घेऊ नका. पुस्तक वाचलं की गृहपाठ वाढतो, हे मुलांच्या फार लवकर लक्षात येतं.

राहिली ती अर्धी वाचलेली कादंबरी. फोटोत उघडं पान दिसतंय, त्यावर 'माजघर', 'उखळ' आणि 'कणगी' एकाच परिच्छेदात आहेत. मुलगी हुशार आहे, पण या तिन्हींपैकी एकही वस्तू तिने पाहिलेली नसणार. ज्यांनी पाहिलीये त्या घरातच आहेत. पुस्तक सासूबाईंच्या हातात द्या, चष्मा शोधून द्या, आणि खूण आहे तिथून पुढे त्यांना वाचून दाखवायला सांगा. मुलीला म्हणावं, शब्द अडला की आजीला थांबवायचं.